ऐन गर्दीत बिलिंग बंद पडलं तर? पोर्ट, अपडेट आणि मदत मागायची रीत



या आठवड्याच्या व्हिडिओत मी तीन कॉम्प्युटर समोर ठेवून जे करून दाखवलं, तेच इथे सावकाश वाचता येईल असं लिहिते आहे. विषय ऐकायला टेक्निकल वाटेल, पण घाबरू नका. बीबीएच्या तीन वर्षांत मीही मार्केटिंगचे चार 'पी' पाठ केले होते. पोर्ट नावाचा पाचवा 'पी' असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तो मी दुकानात, गिऱ्हाइकांच्या रांगेसमोर उभं राहून शिकले. तुम्हाला तसं शिकायला लागू नये, म्हणून हा लेख.

त्या सकाळी काय झालं

२२ सप्टेंबर २०२५, सोमवार. घटस्थापनेचा दिवस. जुन्या पनवेलमधलं माझं जनरल स्टोअर आणि स्टेशनरीचं दुकान. आत एक मेन कॉम्प्युटर, बाहेर दोन काउंटर. सगळा डेटा मेनवर असतो आणि काउंटरवरचे कॉम्प्युटर त्याच्याकडून भाव आणि कर विचारून बिल काढतात. छोट्या दुकानांत बहुतेक अशीच रचना असते.

तो दिवस साधा नव्हता. जीएसटी कौन्सिलने ३ सप्टेंबरच्या बैठकीत ठरवलेले नवे दर त्याच दिवशी लागू झाले. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळपास गेले, मुख्य दर ५ आणि १८ राहिले, आणि काही ठरावीक मालासाठी ४० टक्के आला. माझ्या दुकानापुरतं बोलायचं तर टूथपेस्ट, शाम्पू, केसांचं तेल १८ वरून ५ वर आलं. शाळेच्या वह्या आणि पेन्सिली १२ वरून शून्यावर. म्हणजे रविवारी रात्री बारापर्यंत एक दर आणि बारानंतर दुसरा. महाराष्ट्रातल्या प्रत्येक दुकानाला एकाच रात्रीत आपलं सॉफ्टवेअर बदलायचं होतं, आणि तेही ऐन नवरात्रीच्या तोंडावर.

मी तशी तयारीत होते. रविवारी रात्री दुकान बंद झाल्यावर मेन कॉम्प्युटरवर अपडेट टाकलं. तिथेच बसून चार बिलं काढून पाहिली. वहीवर शून्य, टूथपेस्टवर पाच. सगळं बरोबर. निश्चिंत होऊन घरी गेले.

सोमवारी सकाळी दोन्ही काउंटर सुरू केले. बिल काढायला गेलं की स्क्रीन वीसेक सेकंद नुसती फिरत राहायची आणि मग यायचं, "सर्व्हरशी संपर्क होत नाही." मेनवर मात्र सगळं सुरळीत. सव्वानऊला दारापर्यंत रांग लागली.

मी काय केलं? राउटर बंद करून चालू केला. वायर बदलली. प्रिंटरचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, प्रिंटरचा तर काही संबंधही नव्हता. यालाच आपल्याकडे म्हणतात, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. शेवटी घाईघाईत दुसऱ्या काउंटरवर गेल्या आठवड्याच्या बॅकअपमधून सॉफ्टवेअर स्वतंत्र चालू केलं. रांग पुढे सरकायला लागली आणि मला वाटलं, जमलं बुवा. खरी चूक तीच होती. ती दुसऱ्या दिवशी कळली, पण त्याआधी बिघाड नेमका कुठे होता ते समजून घेऊ.

सॉकेट म्हणजे काय: गाळ्याचा हिशोब

तुमच्या नेटवर्कमधल्या प्रत्येक कॉम्प्युटरला एक पत्ता असतो, आयपी ॲड्रेस. समजा मेन कॉम्प्युटरचा पत्ता १९२.१६८.१.५ आहे. हा पत्ता म्हणजे एक मार्केटची इमारत समजा. पण इमारतीचा पत्ता सांगून काम होतं का? तिथे टेलर आहे, झेरॉक्सवाला आहे, मेडिकल आहे. गिऱ्हाइकाला गाळा नंबर लागतो. कॉम्प्युटरमधला हा गाळा नंबर म्हणजे पोर्ट.

एका कॉम्प्युटरवर असे ६५,५३५ पर्यंत गाळे असतात. काही नंबर ठरून गेलेले आहेत. सुरक्षित वेबसाइट ४४३ नंबरवर बसते. टॅलीप्राइम साधारणपणे ९००० वापरतं. मायएसक्यूएल हा डेटाबेस ३३०६ वर आणि मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर १४३३ वर. लॅनच्या वायरवर चालणारे अनेक बिल प्रिंटर ९१०० वर ऐकत असतात. तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर कुठल्या नंबरवर बसतं, हे ज्याने बसवून दिलं त्याला आजच विचारा आणि लिहून ठेवा.

इमारतीचा पत्ता आणि गाळा नंबर मिळून जे टोक तयार होतं, ते सॉकेट. काउंटरवरचा प्रोग्राम आपल्या बाजूला एक सॉकेट उघडतो, मेनवरचा प्रोग्राम आपल्या बाजूला उघडून बसलेला असतो. दोन्ही टोकं जोडली गेली की बोलणं सुरू. फोनसारखंच आहे. एकाने लावायचा, दुसऱ्याने उचलायचा आणि मग दोघांनी बोलायचं.

व्हिडिओच्या वेळी मला विचारलं गेलं, "ताई, दोन काउंटर एकाच गाळ्यावर गेले तर गोंधळ होत नाही का?" होत नाही. तुमच्या दुकानात एकच गल्ला असतो, पण पाच गिऱ्हाइकं समोर असली तरी कोणाचं सामान कोणतं ते तुम्हाला कळतं. कॉम्प्युटर चार गोष्टी एकत्र पाहतो: विचारणाऱ्याचा पत्ता, विचारणाऱ्याचा पोर्ट, उत्तर देणाऱ्याचा पत्ता, उत्तर देणाऱ्याचा पोर्ट. विचारणाऱ्याला त्याचा पोर्ट तात्पुरता मिळतो, बँकेत टोकन मिळतं तसा. विंडोजमध्ये हे टोकन सहसा ४९,१५२ च्या पुढचं असतं. या चारांपैकी एक जरी वेगळं असलं तरी ते वेगळं बोलणं.

ही पद्धत नवी नाही. अमेरिकेतल्या बर्कले इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८३ मध्ये ४.२ बीएसडी नावाची युनिक्स प्रणाली आली, तिच्यासोबत प्रोग्रामरना हे सॉकेट मिळालं. चाळीस वर्षांहून जास्त काळ झाला. आज तुमचं यूपीआय, व्हॉट्सॲप आणि दुकानातलं बिल, सगळं याच कल्पनेवर चालतं.

एरर काय सांगतो ते ऐका

आपण एरर दिसला की पहिल्यांदा काय करतो? 'ओके' दाबून घालवतो. पण एरर म्हणजे कॉम्प्युटर तक्रार सांगतोय, आणि बऱ्याचदा नेमकी सांगतोय. गाळ्याच्या हिशोबाने चार प्रकार लक्षात ठेवा.

पहिला: कनेक्शन नाकारलं. लगेच, एक-दोन सेकंदांत येतो. अर्थ असा की तुम्ही बरोबर इमारतीत पोचलात, पण गाळ्याचं शटर बंद आहे. म्हणजे मेन कॉम्प्युटर चालू आहे, पण त्यावरचं सॉफ्टवेअर किंवा त्याची सर्व्हिस चालू नाही, नाहीतर तुम्ही गाळा नंबर चुकीचा घातला आहे.

दुसरा: वेळ संपली, म्हणजे टाइम आउट. बराच वेळ फिरून मग येतो. म्हणजे कोणी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. एकतर इमारतीचा पत्ता चुकला आहे, मशीन बंद आहे, नाहीतर दारावरचा वॉचमन तुम्हाला आत सोडत नाही आणि कारणही सांगत नाही. कॉम्प्युटरवरच्या या वॉचमनला फायरवॉल म्हणतात.

तिसरा: पत्ता आधीच वापरात आहे. दोन भाडेकरूंना एकच गाळा हवा आहे. सॉफ्टवेअर दोनदा चालू झालं, किंवा दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने तोच पोर्ट धरला, की हा येतो. जुना प्रोग्राम नीट बंद केला की बहुतेक वेळा सुटतो.

चौथा प्रकार एररचा नाही, सवयीचा आहे. काल चाललं, आज नाही, आणि कोणी काहीच बदललं नाही. इथे आधी पत्ता तपासा. राउटर कॉम्प्युटरना पत्ते वाटतो आणि लाइट जाऊन आली की कधी कधी वेगळा पत्ता देतो. काउंटर बिचारे जुन्या पत्त्यावर दार वाजवत बसतात. उपाय सोपा आहे: राउटरमध्ये मेन कॉम्प्युटरचा पत्ता कायमचा राखून ठेवायला सांगा. एकदाच करायचं काम आहे.

तपासायचं कसं? काउंटरवरून मेनला 'पिंग' करा, म्हणजे हाक मारून पाहा. उत्तर आलं तर रस्ता मोकळा आहे. उत्तर आलं नाही म्हणजे मशीन बंदच आहे असं मात्र धरू नका, कारण विंडोजचा वॉचमन पिंगलाही अडवू शकतो. त्यापुढची पायरी म्हणजे पॉवरशेलमधली टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा. तिला पत्ता आणि पोर्ट दोन्ही दिले की ती गाळ्यापर्यंत जाऊन सांगते, उघडा आहे की नाही. कशी टाइप करायची ते व्हिडिओत दिसेल.

रविवारी रात्रीची माझी तपासणी खोटी का ठरली

आता माझ्या एररकडे परत या. वीसेक सेकंद फिरून मग मेसेज. म्हणजे दुसरा प्रकार, टाइम आउट. मशीन चालू होतं, पत्ता बरोबर होता. उरला वॉचमन.

झालं असं होतं. अपडेटमध्ये सॉफ्टवेअरचा प्रोग्राम नव्या फोल्डरमध्ये गेला. विंडोजच्या वॉचमनला तो नवा माणूस वाटला. त्याने रविवारी रात्री एक खिडकी दाखवून मला विचारलं, "या प्रोग्रामला नेटवर्कवरून येणारं बोलणं घेऊ देऊ का?" मी दमलेली, घाईत, न वाचता 'कॅन्सल' दाबलं. विंडोजने त्याचा अर्थ 'नको' असा घेतला आणि बाहेरून येणाऱ्यांना अडवायचा नियम करून टाकला.

मग मेनवर बिलं कशी निघाली? कारण मेनवरचा प्रोग्राम मेनशीच बोलत होता. घरातल्या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना वॉचमन अडवत नाही, तो मुख्य दारावर असतो. मी घरातच फिरून पाहिलं आणि म्हटलं, पाहुण्यांना यायला अडचण नाही. हे एक वाक्य वहीत लिहून ठेवा: जिथे काम होणार, तिथूनच तपासणी करायची. मेनवर नाही, काउंटरवरून. तेही एक खरं बिल काढून, प्रिंट घेऊन.

डिप्लॉयमेंट: तयार सॉफ्टवेअर कामाच्या जागी बसवणं

प्रोग्रामर मंडळी 'डिप्लॉय केलं' असं म्हणतात. म्हणजे लिहून तयार झालेलं सॉफ्टवेअर प्रत्यक्ष कामाच्या जागी बसवणं. लिहिणं एक काम आणि बसवणं दुसरं, जसं मंडईतून भाजी आणणं वेगळं आणि पंगतीला वाढणं वेगळं. बरेच घोटाळे वाढताना होतात.

माझा घोटाळा दुसऱ्या दिवशी दुपारी दारात आला. एक निवृत्त गुरुजी, आमचे जुने गिऱ्हाईक. हातात आदल्या दिवशीचं बिल. एक डझन मोठ्या वह्या, ५०० रुपये, वर १२ टक्के म्हणजे ६० रुपये, एकूण ५६०. म्हणाले, "अगं, वहीवरचा कर गेला ना? रेडिओवर ऐकलं मी." मी बिल पाहिलं आणि लाज वाटली. ते दुसऱ्या काउंटरवरचं बिल होतं. जुन्या बॅकअपमधून चालू केलेलं सॉफ्टवेअर जुनेच दर लावत बसलं होतं. माझ्याच दुकानात एकाच वेळी दोन काउंटरवर दोन वेगळे कायदे चालू होते.

साठ रुपयांचा प्रश्न नाही. कर म्हणून घेतलेला पैसा दुकानदाराचा नसतो, तो खिशात ठेवता येत नाही. त्या काउंटरची सगळी बिलं काढली, ज्यांचे फोन नंबर होते त्यांना फोन केले, क्रेडिट नोट काढून पैसे परत दिले. काही गिऱ्हाइकं सापडलीच नाहीत, त्यांचं काय करायचं ते सीएला विचारून केलं. आणि ज्यांनी बिल पाहिलं पण परत आले नाहीत, त्यांच्या मनात काय राहिलं असेल, याचा हिशोब कुठल्याही वहीत मांडता येत नाही.

ही चूक मोठ्यांकडूनही झाली आहे. अमेरिकेत नाइट कॅपिटल नावाची शेअर बाजारातली मोठी कंपनी होती. १ ऑगस्ट २०१२ ला तिने नवं सॉफ्टवेअर चालू केलं. आठ सर्व्हर होते. सात सर्व्हरवर नवं गेलं, एकावर टाकायचं राहिलं. त्या एकावरचा जुना, वापरात नसलेला भाग जागा झाला आणि बाजारात चुकीच्या ऑर्डरींचा पाऊस पाडू लागला. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. माझ्याकडे तीन मशीन, त्यांच्याकडे आठ. दोष तोच: काही मशीन नवी, एक जुनं, आणि कोणाच्या लक्षात नाही.

दुसरं उदाहरण तुम्हाला आठवत असेल. १९ जुलै २०२४, शुक्रवार. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष अपडेट फाइल जगभर गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या स्क्रीनवर अडकले. आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. चुकीची फाइल सव्वा तासात मागे घेतली, पण अडकलेली मशीन कित्येक ठिकाणी एकेक करून हाताने सोडवावी लागली. सगळ्यांना एकदम वाढलं, आधी एका ताटात वाढून पाहिलं नाही.

या दोन्हींतून आपल्या दुकानापुरते नियम काढले आहेत:

१. अपडेटच्या आधी बॅकअप घ्या, आणि तो मेन कॉम्प्युटरच्या बाहेर, पेन ड्राइव्ह किंवा दुसऱ्या डिस्कवर ठेवा. त्यावर तारीख घाला.

२. परतीचा रस्ता आधी ठरवा. "नाही चाललं तर जुनं परत कसं आणायचं?" याचं उत्तर मिळाल्याशिवाय 'इन्स्टॉल' दाबू नका. दर बदलण्यासारख्या दिवशी जुनं परत आणणं म्हणजे जुना कर परत आणणं, हेही लक्षात ठेवा. अशा दिवशी परतीचा रस्ता म्हणजे छापील बिलबुक आणि नव्या दरांचा कागद.

३. सगळ्या मशीनची यादी करा. प्रत्येकावर आवृत्तीचा नंबर एकच आहे ना, हे डोळ्यांनी पाहून टिक करा.

४. खरं बिल काउंटरवरून काढून पाहा. वेगवेगळ्या दरांची तीन-चार बिलं, प्रिंटसह.

५. सणाच्या आदल्या रात्री, शनिवारी संध्याकाळी, महिन्याच्या शेवटी अपडेट टाळा. कायद्याने तारीख ठरवली असेल तर पर्याय नसतो, मग सकाळी दुकान एक तास लवकर उघडा. मी ते केलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

६. विंडोज काही विचारत असेल तर वाचा. कळलं नाही तर फोटो काढा, मग बटण दाबा.

"ताई, आमचं सॉफ्टवेअर ऑनलाइन आहे, आम्हाला हे कशाला?" क्लाउड म्हणजे आकाशात काही नाही, तोही कुणाच्या तरी इमारतीतला कॉम्प्युटरच आहे. अशी एक इमारत आपल्या पनवेलमध्येच आहे. हिरानंदानी फॉर्च्युन सिटीमधलं योट्टा कंपनीचं एनएम१ हे डेटा सेंटर जुलै २०२० मध्ये सुरू झालं, ७,२०० रॅकच्या क्षमतेचं. ऑनलाइन सॉफ्टवेअर वापरताना तुमचा ब्राउझर अशाच कुठल्या तरी मशीनच्या ४४३ नंबरच्या गाळ्यावर जातो. तिथे अपडेट ते लोक टाकतात आणि बॅकअप ते घेतात, पण दर बरोबर लागला का हे तुमच्याच काउंटरवर तपासायचं आहे. बिलावर नाव तुमच्या दुकानाचं असतं.

मदत मागायची रीत

आता सर्वांत महत्त्वाचं. त्या सोमवारी साडेनऊला मी आमच्या सॉफ्टवेअरवाल्या मुलाला मेसेज केला:

"सॉफ्टवेअर चालत नाही. अर्जंट. लवकर फोन करा!!!"

उत्तर नाही. फोन केला, व्यस्त. पाच मिनिटांनी पुन्हा तोच मेसेज, उद्गारचिन्हं वाढवून. मग ओळखीच्या आणखी तीन जणांना तोच. एकाने सांगितलं राउटर बदल, दुसऱ्याने विंडोज नव्याने टाक, तिसऱ्याने व्हायरस असेल. मला राग आला, पैसे देऊनही कोणी बघत नाही. पण विचार करा, त्या दिवशी दर बदलले होते, त्याच्या सगळ्याच गिऱ्हाइकांचे फोन येत असणार. माझ्या मेसेजमध्ये त्याला धरायला काय होतं? काहीच नाही. डॉक्टरकडे जाऊन "बरं वाटत नाही, लवकर करा" एवढंच म्हटलं, तर डॉक्टर काय करणार?

साडेदहाला मी एका जागी बसले आणि हा मेसेज लिहिला:

"नमस्कार. काल रात्री ११ वाजता मेन मशीनवर नवं अपडेट टाकलं. मेनवर बिल निघतंय. दोन्ही काउंटरवरून नाही, वीसेक सेकंद थांबून 'सर्व्हरशी संपर्क होत नाही' येतं. फोटो पाठवला आहे. मेनचा पत्ता १९२.१६८.१.५, बदललेला नाही. राउटर आणि वायर बदलून पाहिली, फरक नाही. दुसऱ्या काउंटरवर जुना बॅकअप स्वतंत्र चालू केला आहे. दुकानात गर्दी आहे, पण अकरापर्यंत हाताने बिलं करू शकते."

दोन मिनिटांत उत्तर आलं: "ताई, अपडेट टाकताना विंडोजने परवानगी विचारली होती का?" मी म्हटलं, "हो, मी कॅन्सल केलं." त्याने फोनवर फायरवॉलमधला तो नियम काढायला लावला, प्रोग्रामला दुकानाच्या खासगी नेटवर्कपुरती परवानगी द्यायला लावली. पाच मिनिटांत पहिला काउंटर चालू. आणि तो म्हणाला, "ताई, दुसऱ्या काउंटरवरचा जुना बॅकअप आधी बंद करा, दर चुकतील." मी "हो हो" म्हटलं आणि गर्दीत विसरले. म्हणून दुसऱ्या दिवशी गुरुजी आले.

दोन्ही मेसेज शेजारी ठेवून वाचा. दुसऱ्यात पाच गोष्टी आहेत: काय करायला गेलो, काय झालं (एररचे शब्द जसेच्या तसे), शेवटचं काय बदललं, आपण काय काय करून पाहिलं, आणि किती घाई आहे ते खरं खरं. ही पाच उत्तरं कोणत्याही प्रोग्रामरला हवी असतात, मग तो पनवेलचा असो की परदेशातला.

आणखी काही गोष्टी पाळा:

- एका वेळी एकालाच विचारा. चौघांना विचारून चौघांचं अर्धं अर्धं केलं, की बिघाडावर बिघाड होतो.
- करून पाहिलेलं लपवू नका. "मी काही केलं नाही" हे वाक्य प्रोग्रामरचा सर्वांत जास्त वेळ खातं. चूक सांगितली तर कोणी हसत नाही, काम लवकर होतं.
- "नमस्कार, आहात का?" एवढं लिहून थांबू नका. नमस्कार करा, आणि त्याच मेसेजमध्ये प्रश्नही लिहा.
- फोटो सरळ आणि वाचता येईल असा काढा. त्यात गिऱ्हाइकांचे फोन नंबर आणि पासवर्ड दिसत नाहीत ना, ते पाहा.
- रिमोट ॲपने कोणाला मशीनवर घ्यायचं असेल तर ओळखीच्याच माणसाला, आपण स्वतः फोन लावून. समोरून आलेल्या "मी सपोर्टमधून बोलतोय" या फोनला नाही. काम संपलं की जोडणी बंद करा.
- वार्षिक सेवेचे पैसे दिले नसतील तर फुकट कामाची अपेक्षा ठेवू नका. आपणही उधारीवाल्याशी कसं वागतो?
- काम झालं की सांगा: "झालं, कारण हे होतं, धन्यवाद." तो मेसेज पुढच्या वेळी तुम्हालाच शोधून वाचायचा आहे.

यात विनवणी नाही आणि कमीपणाही नाही. तुमच्या दुकानात एक गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "ते द्या ना, ते." दुसरं म्हणतं, "दोनशे पानी, एकरेघी, मोठी वही, सहा." कोणाचं काम आधी होतं? प्रोग्रामरसमोर आपण गिऱ्हाईक असतो. दुसऱ्यासारखं व्हायचं.

या आठवड्यात एवढंच करा

एक शंभर पानी वही घ्या आणि मेन कॉम्प्युटरजवळ ठेवा. पहिल्या पानावर लिहा: मेनचा पत्ता, सॉफ्टवेअरचा पोर्ट, आवृत्तीचा नंबर, प्रिंटरचा पत्ता, सॉफ्टवेअरवाल्याचा फोन, शेवटच्या बॅकअपची तारीख. दुसऱ्या पानापासून नोंदी: कोणत्या तारखेला काय बदललं, कोणी बदललं, काय बिघडलं, कशाने सुटलं. पासवर्ड मात्र या वहीत लिहू नका.

माझ्या वहीच्या दुसऱ्या पानावर पहिली नोंद २२ सप्टेंबरची आहे. तिच्याखाली गुरुजींचं ते बिल चिकटवलं आहे. ते अजून दुकानात येतात, आणि बिल हातात घेतलं की चष्मा वर करून आधी कराची ओळ वाचतात. मीही वाचते. त्यांच्या आधी.

पुढच्या व्हिडिओत बॅकअप परत आणून कसा तपासायचा ते करून दाखवणार आहे, कारण उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवता येत नाही. तोवर पहिलं पान भरून ठेवा. भेटू!